‘प्रॉडक्ट मॅनेजर’ : एक पद आणि काही गैरसमज

पूर्वी आपल्या भागात मुलगा ‘कंपनीत लागला’ एवढे सांगितले की पुरे होत असे. अधिक चौकशी केलीच तर फिटर, टर्नर, केमिस्ट किंवा सुपरवायझर यांपैकी एखादा शब्द कानी पडे, आणि त्याचा अर्थ अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर या तिन्ही गावांत शाळकरी पोरालाही ठाऊक असे. आज सकाळच्या लोकलने ठाणे, ऐरोली, पवई, अंधेरीकडे निघालेल्या तरुणांच्या बोलण्यात ‘प्रॉडक्ट मॅनेजर’ हे पद वारंवार येते. पद वजनदार वाटते. पण हा माणूस दिवसभर करतो तरी काय, असे विचारले तर दहा जण दहा उत्तरे देतात. ज्या कामाची नीट ओळख नसते त्याच्याविषयी एक तर अवास्तव आकर्षण वाटते, नाही तर ‘ते आपल्यासाठी नव्हे’ अशी भीती. कलाशाखेच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला बहुधा ही भीतीच येते. ती कितपत खरी, हे पाहण्यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम पदाचा अर्थ पाहू. कोणत्याही वस्तूविषयी काही मूलभूत प्रश्न असतात. ही वस्तू कोणासाठी? त्याची कोणती अडचण तिने दूर व्हायची आहे? त्यासाठी तिच्यात काय हवे, काय नको, आणि आधी काय, नंतर काय? शेवटी, अडचण खरोखर दूर झाली का? एका वस्तूपुरती या प्रश्नांची उत्तरे देण्याची जबाबदारी ज्याच्यावर असते, तो प्रॉडक्ट मॅनेजर. मग ती वस्तू साबण असो, मालवाहू गाडी असो किंवा मोबाइलवरील अ‍ॅप असो.

एक घरचे उदाहरण घेऊ. बदलापूरचे जांभूळ प्रसिद्ध आहे. त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. समजा, कोणी या जांभळाचे सरबत बाटलीत भरून विकायचे ठरवले. फळ धुणे, बी वेगळी करणे, रस काढणे, तो नासू नये अशी व्यवस्था करणे, दिवसाला ठरलेल्या बाटल्या तयार होतील हे पाहणे, हे एक काम झाले. दुकानदारांकडे माल पोचवणे, वसुली करणे, हे दुसरे. पण त्याही आधी कोणी तरी ठरवावे लागते की हे सरबत प्यायचे कोणी? मुलांसाठी करावे तर ते गोड हवे. मधुमेही गिऱ्हाइकासाठी करावे तर साखर चालणार नाही. गाडीच्या गर्दीत काचेची बाटली टिकेल का? जांभळाचा हंगाम थोड्या आठवड्यांचा. मग उरलेले महिने काय विकायचे? आणि ‘मधुमेहावर रामबाण’ असे वेष्टनावर छापण्याचा मोह झाला, तर सिद्ध न झालेला दावा आपण करणार नाही, असे ठामपणे कोणी सांगायचे? या प्रश्नांची उत्तरे शोधणे आणि त्या उत्तरांची जबाबदारी घेणे, हे तिसरे काम. ते करणारा तो प्रॉडक्ट मॅनेजर.

हे पद संगणकाबरोबर जन्मले असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः ते साबणाच्या फेसातून आले आहे. अमेरिकेतील प्रॉक्टर अँड गँबल या कंपनीचे दोन साबण होते : जुना व नामांकित ‘आयव्हरी’ आणि नवा ‘कॅमे’. कॅमेच्या जाहिरातीचे काम पाहणाऱ्या नील मॅकेलरॉय या तरुणाला दिसले की आपला साबण थोरल्या भावाच्या सावलीत वाढत नाही. १३ मे १९३१ रोजी त्याने वरिष्ठांना तीन पानांचे टिपण लिहिले. प्रत्येक साबणासाठी स्वतंत्र माणूस नेमावा. त्याने खप कोठे वाढला, कोठे घटला आणि का, याचा बाजारात जाऊन शोध घ्यावा आणि त्यावर उपाय सुचवावेत, असे त्याचे सार होते. ही पद्धत पुढे जगभर पसरली. मॅकेलरॉय १९५७ ते १९५९ या काळात अमेरिकेचे संरक्षणमंत्रीही झाले. पण त्यांचे शिक्षण कोणते? हार्वर्ड विद्यापीठातून अर्थशास्त्र! हा आपल्याकडे कलाशाखेत शिकवला जाणारा विषय आहे, हे ध्यानात ठेवावे.

आता एकेका गैरसमजाकडे वळू.

पहिला गैरसमज नावातूनच निर्माण होतो. मराठीत ‘उत्पादन’ हा एकच शब्द क्रियेलाही लागतो आणि वस्तूलाही. त्यामुळे प्रॉडक्ट मॅनेजरला ‘उत्पादन व्यवस्थापक’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कारखान्यातील प्रॉडक्शन मॅनेजर उभा राहतो : शिफ्टची हजेरी, बंद पडलेले यंत्र, आजचा माल किती निघाला याची चिंता. दोघांची कामे मुळातच निराळी. प्रॉडक्शन मॅनेजरचा प्रश्न ‘किती आणि कसे?’; प्रॉडक्ट मॅनेजरचा प्रश्न ‘कोणासाठी आणि कशाला?’ याच गोंधळात प्रोजेक्ट मॅनेजर या तिसऱ्याची भर पडते. ठरलेले काम ठरलेल्या मुदतीत व ठरलेल्या खर्चात पार पाडणे, हे त्याचे कर्तव्य. पूल कधी पुरा होणार, हे प्रोजेक्ट मॅनेजर सांगेल. पूल याच जागी हवा होता का, हा प्रश्न प्रॉडक्ट मॅनेजरचा.

हा गोंधळ आपल्या गावांत विशेष व्हावा यालाही कारण आहे. आपली गावे वस्तू घडवणारी आहेत. कोणती वस्तू घडवायची, हे मात्र बहुतेक वेळा दुसरीकडे ठरत आले. १९२३ साली स्वीडिश कंपनीने स्थापन केलेल्या ‘विम्को’चा आगपेट्यांचा कारखाना अंबरनाथला आला, आणि इथल्या काड्यांनी देशभरच्या चुली पेटल्या, पण कंपनीची सूत्रे बाहेर होती. ऑर्डनन्स फॅक्टरीत काय बनावे, हे सैन्याच्या मागणीवर ठरते. धरमसी मोरारजी केमिकल कंपनीने अंबरनाथला गंधकाम्ल आणि सुपरफॉस्फेट बनवले, शहाडच्या सेंच्युरी रेयॉनने सूत बनवले. हे माल असे की त्यांचा कस आधीच ठरलेला. तो सांभाळून माल काढणे यातच कारखान्याचे कौशल्य. औद्योगिक वसाहतीतील लहान कारखाने तर पुष्कळदा जॉबवर्कवर चालतात. ड्रॉइंग गिऱ्हाईक देतो, आपण त्याबरहुकूम तुकडा कापून देतो.

उल्हासनगरची गोष्ट थोडी वेगळी. १९४७ नंतर सिंधमधून निर्वासित होऊन आलेल्या लोकांनी लष्करी छावणीच्या बराकींतून व्यापार उभा केला. तेथे जीन्सचा किंवा फर्निचरचा शेठ स्वतःच बाजारात फिरतो, कोणता कट चालतो ते हेरतो, नमुना शिवून घेतो, भाव ठरवतो आणि गल्ल्यावरही बसतो. प्रॉडक्ट मॅनेजरचे काम तेथे रोज होते. पण ते मालकाच्या अंगात इतके मुरलेले असते की त्याला निराळे नाव देण्याची गरज कोणाला वाटली नाही. धंदा मोठा झाला, मालकाला सर्व ठिकाणी पोचता येईनासे झाले, की हे काम वेगळे होते आणि त्याला पद मिळते.

यातूनच दुसरा गैरसमज उद्भवतो : प्रॉडक्ट मॅनेजर म्हणजे त्या वस्तूपुरता छोटा मालकच. अनेक तरुणांना या पदाची ओढ वाटते ती यामुळेच. प्रत्यक्षात शेठ कारागिराला हुकूम देऊ शकतो, कारण पगार तो देतो. प्रॉडक्ट मॅनेजरच्या हाताखाली बहुधा कोणीच नसते. अभियंते त्यांच्या वरिष्ठांना बांधील, विक्रेते त्यांच्या, आणि हिशेबनीसांचे खातेच निराळे. या सगळ्यांकडून काम करवून घ्यायचे, पण कोणाची रजा अडवण्याचाही अधिकार नाही! जपानच्या टोयोटा कंपनीत प्रत्येक गाडीचा एक मुख्य अभियंता असतो. गाडीच्या यशापयशाची जबाबदारी त्याची. पण तिच्यावर काम करणारे बहुसंख्य अभियंते त्याच्या थेट हाताखाली नसतात. त्याला पटवून द्यावे लागते. जबाबदारी पूर्ण आणि अधिकार अपुरा, अशी ही स्थिती. आपल्याकडे स्नेहसंमेलनाचा चिटणीस झालेल्या विद्यार्थ्याला ती नेमकी समजेल. पेटीवाल्यापासून मांडववाल्यापर्यंत कोणीही त्याचा नोकर नसतो, पण पडदा वेळेवर उघडला नाही तर बोल त्यालाच लागतो.

तिसरा गैरसमज असा की हे काम केवळ अभियंत्याचे. वस्तू कशी बनते याची जाण हवी, यात शंका नाही. ज्याला संगणकाचा कार्यक्रम कसा लिहिला जातो याची कल्पनाच नाही, तो दोन तासांचे काम आणि दोन महिन्यांचे काम यांतला फरक ओळखू शकणार नाही. पण जाण असणे वेगळे आणि पदवी असणे वेगळे. आपल्या महाराष्ट्रातील ठळक उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांचे. ते मुंबईला गेले ते चित्रकला शिकण्यासाठी, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. रंग ओळखण्यातील दोषामुळे चित्रकला सुटली; मग ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि पुढे बेळगावी सायकलींच्या व्यवसायात पडले. १९०३ च्या सुमारास त्यांनी लोखंडी नांगर तयार केला. नांगर लाकडी नांगरापेक्षा सरस होता, पण घेणार कोण? लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज. पहिले नांगर खपायला सुमारे दोन वर्षे लागली, असे सांगतात. अडचण लोखंडात नव्हती, ती शेतकऱ्याच्या मनात होती. ती ओळखून, शेतकऱ्याशी बोलून, त्याचा विश्वास मिळवून तो नांगर रुजला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्या काळी हे पद नव्हते. काम मात्र नेमके हेच होते.

चौथा गैरसमज थोडा फसवा आहे. गिऱ्हाईक मागेल ते निमूटपणे पुरवणे, हेच या माणसाचे काम, असे अनेकांना वाटते. माणसे काय मागतात आणि त्यांना खरोखर काय हवे असते, यांत अंतर असते. एकाच कंपनीच्या दोन गाड्यांनी हे उत्तम शिकवले आहे. टाटा मोटर्सने २००५ च्या मे महिन्यात ‘एस’ ही लहान मालवाहू गाडी बाजारात आणली. आपण तिला ‘छोटा हाथी’ म्हणतो; उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून कपाट निघाले की पुष्कळदा याच गाडीवर चढते. ती घडवणाऱ्या गटाचे नेतृत्व गिरीश वाघ यांच्याकडे होते. गाडीचा आराखडा पक्का करण्याआधी या मंडळींनी तीनचाकी टेम्पो चालवणाऱ्यांना गाठून त्यांच्याशी गप्पा मारल्या. स्वस्त, मजबूत, कमी तेल खाणारी गाडी हवी, हे तर सगळेच सांगणार. पण बोलता बोलता आणखी एक गोष्ट पुढे आली. तीन चाकांच्या वाहनाला प्रतिष्ठा नाही. चार चाके असतील तर गावात मान मिळेल, लग्न जमायलाही मदत होईल! ही मागणी कोणत्याही छापील प्रश्नावलीत सापडली नसती. ‘एस’ला चार चाके मिळाली. इंजिन दोन सिलिंडरांचे, सुमारे ७०० सीसीचे, म्हणजे इंडिकाच्या इंजिनाचे जणू अर्धे. गाडी जोरात चालली.

पुढे त्याच कंपनीने, वाघ यांच्याच नेतृत्वाखालील अभियंत्यांच्या गटाकडून ‘नॅनो’ घडवून घेतली. २००८ साली ती जगाला दाखवली गेली, २००९ साली रस्त्यावर आली. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ती मोठी कामगिरी होती. पण ‘सर्वांत स्वस्त मोटार’ ही तिची ओळख झाली, आणि तीच तिला भोवली. आयुष्यात पहिली मोटार घेणाऱ्या कुटुंबाला शेजाऱ्यांना पेढे वाटायचे असतात. आपण सर्वांत स्वस्त वस्तू आणली, हे त्याला मिरवायचे नसते. ‘स्वस्त’ हा शिक्का चुकला, असे रतन टाटांनीही पुढे बोलून दाखवले. २०१८ च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. नॅनोच्या अपयशाला इतरही कारणे होती, हे खरे. परंतु ‘एस’ने गरीब माणसाला जो मान दिला, तोच नॅनोच्या शिक्क्याने हिरावून घेतला, हा धडा विसरण्याजोगा नाही. गणित दोन्हीकडे बरोबर होते. फरक पडला तो माणसाच्या मनाच्या वाचनात.

पाचवा गैरसमज म्हणजे हे सगळे जाहिरातीचे काम. जाहिरात वस्तूची ओळख करून देते, पण वस्तूची उणीव भरून काढत नाही. करसनभाई पटेल यांनी १९६९ साली अहमदाबादेत ‘निरमा’ सुरू केली आणि सर्फपेक्षा कितीतरी कमी किमतीत ती घरोघर पोचवली. हिंदुस्थान लीव्हरने उत्तरादाखल आणलेली ‘ललिताजी’ची जाहिरात आजही आपल्या आईवडिलांना पाठ आहे. स्वस्त घेणे आणि चांगले घेणे यांत फरक असतो, हा ललिताजींचा युक्तिवाद बिनतोड होता. पण ज्या घरात महिन्याचे पैसेच मोजके, तेथे युक्तिवाद काय करणार? शेवटी त्या घरांसाठी वेगळी पावडर, वेगळ्या किमतीत, वेगळ्या व्यवस्थेने बनवावी लागली. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेली ‘व्हील’ ती हीच. ज्याला आपण गिऱ्हाईक समजत नव्हतो तोही गिऱ्हाईक आहे, हे ओळखणे जाहिरातीच्या पलीकडचे काम आहे.

सहावा गैरसमज : वस्तू बाजारात आली की काम संपले. खरे तर तेव्हा ते सुरू होते. टाटांची इंडिका १९९८ साली आली तेव्हा तक्रारींचा पाऊस पडला. त्या तक्रारी एकेक करून निस्तरल्यावर २००१ साली आलेल्या ‘व्ही टू’ने खरे यश पाहिले. आपल्या रोजच्या वापरातील उदाहरण हवे तर ‘एम-इंडिकेटर’ घ्या. सचिन टेके या मराठी तरुणाने २०१० साली हे अ‍ॅप आणले. बदलापूर, कर्जत, खोपोली यांपैकी कोणती गाडी केव्हा, हे वेळापत्रक नेटशिवायही दिसते, ही त्यातली खरी मेख. गाडीत मोबाइलचे नेट हमखास मिळेलच असे नसते, हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच ही सोय आधी करावीशी वाटेल. पुढे रिक्षाचे भाडे, नाटकांचे प्रयोग, गाड्या उशिरा असल्याची प्रवाशांमधली देवाणघेवाण अशी भर पडत गेली.

येथे आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. ‘कोणासाठी?’ या प्रश्नात केवळ विकत घेणारा येत नाही. जीन्सला हवा तसा फिका रंग यावा म्हणून ती धुतली जाते. ते रंगीत पाणी वर्षानुवर्षे वालधुनी नदीत मिसळत राहिले. जीन्स घेणाऱ्याला नदी दिसत नाही. नदीकाठी राहणाऱ्याला जीन्सचा नफा मिळत नाही. हा फिका रंग हवाच आहे का, तो दुसऱ्या रीतीने आणता येईल का, पाणी शुद्ध करण्याचा खर्च किमतीत धरला आहे का, हे प्रश्न वस्तू ठरवतानाच विचारावे लागतात. त्या घडीला ते कोणी विचारले नाहीत तर पुढे न्यायालयाला विचारावे लागतात, आणि तोवर नदीचा नाला झालेला असतो. ‘नाही’ म्हणणे हे या पदावरील माणसाचे सर्वांत अवघड कर्तव्य आहे.

आता राहिला प्रश्न आपला. कलाशाखेच्या पदवीधराला हे पद सरळ हाती पडते काय? क्वचितच. कंपन्या बहुधा अभियंत्यांना आणि व्यवस्थापनाच्या पदवीधरांना आधी बोलावतात, हे लपवण्यात अर्थ नाही. पण आडवाटा आहेत. ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या विभागात, विक्रीत, वापरसूचना लिहिण्याच्या कामात, वस्तूची तपासणी करणाऱ्या गटात शिरलेला माणूस गिऱ्हाईक जवळून पाहतो, आणि तेथून या कामाकडे वळलेले लोक आहेत. त्यासाठी आकडेवारी वाचता आली पाहिजे, संगणकाचे काम कसे चालते हे समजून घेतले पाहिजे, मराठीत आणि इंग्रजीत पानभर मजकूर असा लिहिता आला पाहिजे की वाचणाऱ्याला पुन्हा विचारावे लागू नये. गणिताला घाबरून कलाशाखेत आलेल्यांनी ही भीती मात्र येथेच टाकून द्यावी.

उलट बाजूनेही आपली शिदोरी अगदीच रिकामी नाही. मानसशास्त्रात मुलाखत कशी घ्यावी हे शिकवतात. अर्थशास्त्रात मर्यादित साधनांत निवड कशी करावी हे शिकवतात. समाजशास्त्रात एकाच गल्लीत किती प्रकारचे संसार नांदतात हे दिसते. आणि साहित्यात माणूस बोलतो एक आणि त्याच्या मनात असते दुसरे, हे पानोपानी कळते. चार चाकांमागचा मान ज्याला ऐकू येतो, तो कान याच अभ्यासाने तयार होतो.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्या तीन गावांनी शंभर वर्षे देशासाठी वस्तू घडवल्या आहेत. येथल्या हातांचे कौशल्य सिद्ध आहे. पण काय घडवावे, कोणासाठी घडवावे आणि कोणती किंमत मोजून घडवू नये, हे ठरवण्याच्या टेबलाभोवती आपल्या गावची माणसे फारशी बसली नाहीत. त्या टेबलावर अंबरनाथच्या शिफ्टचा घाम, उल्हासनगरच्या बाजाराचा व्यवहार, बदलापूरच्या गर्दीचा धक्का आणि वालधुनीचा वास ज्याला ठाऊक आहे, असा कोणी असणे गरजेचे आहे. ते पद कोणत्या नावाने ओळखले जाते, हा प्रश्न दुय्यम.